डाव्या चाकाची तहान

मोटारगाडीचं बेअरिंग बायकोच्या वजनानं जात नाही. गेली बावीस वर्षं मी चंद्रपुरात अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्या अधिकारानं हे लेखी द्यायला मी तयार आहे. एकदा दिलंही आहे. दिव्यानीनं तो कागद माझ्या सहीसकट फ्रिजच्या दारावर लावून ठेवला आहे.

ही पाळी आली शेजारच्या धनराजभाऊंमुळे. धनराजभाऊ वीज केंद्रातून निवृत्त झाले. तिथे ते पंपावर होते, त्यामुळे जगात जे जे फिरतं त्या सगळ्यावर शेवटचा शब्द आपला, असं त्यांचं मत आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घुंऽऽ असा आवाज यायला लागला तेव्हा ते फाटकाशी उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पुढं डाव्या अंगाले कोण बसते जी?"

"दिव्यानी बसते."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मग मान हलवली. दिव्यानी तेव्हा अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. पुढचे तीन दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा मुगाची खिचडी झाली, आणि चौथ्या दिवशी मी दाखला लिहून दिला.

पण मग बेअरिंग जातं कशानं? बेअरिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ओशाळू नये. मलाही तिसरं जाईपर्यंत फक्त पुस्तकातलं ठाऊक होतं. चाक ज्यावर फिरतं ते एक पोलादी कडं. आत छर्रे, छऱ्यांना ग्रीस आणि ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी झाकण. बस, इतकीच वस्तू. गाडीबरोबर आलेलं मूळचं बेअरिंग सात वर्षं चाललं. त्याच्या जागी घातलेलं पहिलं पाच महिन्यांत गेलं. दुसरं चार. आमच्या घरची केरसुणी याहून जास्त टिकते. आणि दर खेपेला पुढचं डावंच. उजवं मात्र मूळचं ते मूळचं, आजतागायत ठणठणीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या नीलाबाई म्हणाल्या, "दरखेपी तेच चाक जाते म्हणजे नजर आहे जी. लिंबू-मिरची बांधा." भौतिकशास्त्राचा माणूस गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. दिव्यानीनं बांधली. मी ती पाहिली नाही असं ठरवलं. धनराजभाऊ येता-जाता सांगायचे, "मी पुरान्या जीपनं हेमलकशापर्यंत जाऊन आलो जी. नाले, दगडं, जंगल. माझं बेअरिंग नाई गेलं." ती जीप सरकारी होती, हे धनराजभाऊ आवाज उतरवून सांगतात.

माझा संशय मात्र पहिल्यापासून एकाच माणसावर होता. कुलदीपवर.

कुलदीपचं बायपासवर गॅरेज आहे. चांगलं चालतं. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे जातात. हा माझा विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी अकरावीच्या वार्षिक परीक्षेत भौतिकशास्त्रात तेहतीस गुण मिळवून नापास झाला, पस्तीसला दोन कमी. दोन गुणांसाठी मी कुणापुढे झुकत नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मग तो आयटीआयला गेला. त्याचा पेपर माझ्या लक्षात राहिला तो एका उत्तरामुळे. प्रश्न होता: 'तापवलेल्या बंद डब्यावर थंड पाणी ओतल्यास काय होईल? सकारण लिहा.' दोन गुणांचा प्रश्न. कुलदीपनं लिहिलं होतं: 'डबा पानी पेते. कारन त्याले तहान लागते.'

मी तांबड्या शाईनं भला मोठा भोपळा दिला, 'पानी'तल्या 'नी'भोवती गोल केला, 'त्याले'भोवतीही केला. शिवाय त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी नव्या वर्गाला हे उत्तर वाचून दाखवलं. पोरं पोट धरून हसायची. माझे तास लोकप्रिय होण्यात या उत्तराचा वाटा मोठा आहे, हे कबूल करायला मी लाजत नाही.

तर असा हा मुलगा माझी गाडी दुरुस्त करत होता आणि ती दुरुस्त होत नव्हती. खरं सांगतो, आवाज परत आला की मला मनातून थोडं बरं वाटायचं. मी नापास केलं ते बरोबरच होतं, असं चाक सांगत होतं.

दुसरं बेअरिंग गेलं तेव्हा मी गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसलो. म्हटलं, "कुलदीप, कारण सांग."

तो हात पुसत म्हणाला, "नवं बेअरिंग लवकर जाचे पाच कारणं असते सर. एक, माल नकली असला. दोन, हातोड्यानं ठोकून बसवलं त छऱ्याले मार बसते, मंग ते आतून खड्डे पाडते. तीन, बसवताना आत कचरा राह्यला. चार, नट कमी नाईतर जास्त कसला."

"ही चारही कारणं तुझी झाली."

"हो सर. पाचवं तुमचं." तो हळूच म्हणाला. "पाणी. गाडी कुठी पाण्यात गेलती का?"

माझी गाडी, पाण्यात? पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून बोटभर पाणी वाहत असलं तरी मी अलीकडे थांबतो. एकदा चार तास थांबलो होतो. एसटी गेली, ट्रॅक्टर गेले, एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन पायी पलीकडे गेली आणि परतही आली. मी हललो नाही. हे सगळं मी कुलदीपला ऐकवलं. "माझी गाडी कुठे जाते? घरून कॉलेज, कॉलेजातून घर, आणि महिन्यातून एकदा सासुरवाडीला, पोंभुर्ण्याच्या पुढे. सगळा डांबरी रस्ता. तिथे तर माझे सासरे गाडीला माझ्याहून जपतात. जेवून उठेपर्यंत धुऊन लख्ख करून ठेवतात. तू तुझा हातोडा दाखव."

"हातोडा नाई वापरलो सर. प्रेसवर दाबून बसवलो."

तिसरं बेअरिंग मी माझ्या डोळ्यांदेखत बसवून घेतलं. वही-पेन घेऊन गेलो होतो. कुलदीपनं सीलबंद खोका माझ्यासमोर फोडला. बेअरिंग बसतं ते हब रॉकेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं, मलाही बोट फिरवून बघायला लावलं. प्रेसवर सरळ दाबून बेअरिंग बसवलं. नट नवा घातला आणि मापाच्या पान्यानं कसला. मी वहीत लिहिलं: 'संशयास्पद सफाई.'

तेही साडेतीन महिन्यांत घुंऽऽ करायला लागलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी भर गॅरेजात, पाच-सहा गिऱ्हाईकांसमोर म्हणालो, "कुलदीप, तुला पाणी पाजलं नाही तर नावाचा प्रफुल रामटेके नाही." पाणी पाजणं म्हणजे चारचौघांत खाली पाहायला लावणं, एवढाच अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात होता.

घरी येऊन कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सविस्तर लिहिलं. मुद्देसूद लिहिलं, अकरा मुद्दे. आणि बेअरिंगच्या कंपनीकडे हमीचा दावा ठोकला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या फॉर्मवर मी एका जागी तसं वचन दिलं आहे असं नंतर कळलं. फॉर्मात म्हटलं होतं, की बेअरिंग गाडीत बसवलेलं असल्यास तपासता येणार नाही, आणि गाडीतून काढलेलं असल्यास ते याच गाडीतलं असल्याचा पुरावा जोडावा. मी पुरावा म्हणून वहीतलं पान जोडलं. 'संशयास्पद सफाई'सकट.

पार्सल घेऊन कुरियरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?" मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, "छर्रे."

तो एकदम खुर्चीतून उठला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पार्सलात छर्रे आहेत म्हणणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं. त्यानं पार्सल काउंटरवरून काठीनं सरकवलं आणि मालकाला फोन लावला. मालक आला, त्यानं माझं आधारकार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. बंदुकीचे नव्हेत, बेअरिंगचे, हे मी आकृती काढून समजावलं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या लक्षपूर्वक माझी आकृती कुणी पाहिली नव्हती.

कंपनीचं उत्तर तीन ओळींचं आलं. 'बेअरिंगच्या आत पाण्याचा शिरकाव आढळला. छर्रे गंजले असून ग्रीस दुधाळ झाले आहे. दावा नामंजूर.'

पाणी! पुन्हा पाणी. कंपनी कुठली, कुलदीप कुठला, पण दोघांच्या तोंडी शब्द एकच. संगनमताला अंतर लागत नाही, हे मी दिव्यानीला म्हणालो. ती म्हणाली, "अजी, दोघंही तेच म्हणतात तर पाणी असेल ना." मी म्हटलं, बाईमाणसाला यातलं काय कळतं. त्या रात्री पुन्हा खिचडी.

इकडे ग्रुपवरच्या माझ्या अकरा मुद्द्यांनी काम केलं होतं. कॉलनीतल्या चार गाड्या कुलदीपकडून दुसरीकडे गेल्या. त्यात धनराजभाऊंचीही होती. कुलदीपनं चौथं बेअरिंग बसवून दिलं. गाडीची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, "सर, लोक तुटून राह्यले. तुमचं ऐकते लोक, तुम्ही मास्तर आहा. मी चुकलो असन त चारचौघांत दाखवा, मी दुकान बंद करतो. पण नसन चुकलो..." 

"रविवारी दाखवतो," मी म्हणालो.

रविवारी कॉलनीच्या समाजभवनात आमच्या ग्राहक हितरक्षक मंडळाची बैठक ठरली होती. मंडळाचे अध्यक्ष धनराजभाऊ. सचिवही तेच. मी अकरा मुद्द्यांचे सतरा केले आणि छापून आणले.

शनिवारी सकाळी सासुरवाडीहून फोन आला. माझे सासरे लटारूजी फोनवर नेहमी ओरडून बोलतात, मधल्या सगळ्या जंगलाच्या वरून आवाज पोचवायचा असल्यासारखे. "जवाईबापू, नवं तांदूळ निघालं. जेवाले या. उद्या नाई, आजच या." लटारूजींना नाही म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. आम्ही निघालो. मूल गावावरून पोंभुर्णा, तिथून पुढे आठ किलोमीटर. कार्तिकातलं कोरडं ऊन. रस्त्यावर टिपूसभर पाणी नाही, हे मी दिव्यानीला तीनदा दाखवलं.

सासूबाई गुणाबाईंनी नव्या तांदळाचा भात, मासोळीचा रस्सा आणि वांग्याची भाजी केली होती. आमच्याकडे जावई जेवतो म्हणजे काय करतो, ते सांगत नाही. आल्या आल्या गाडीची किल्ली लटारूजींकडे जाते आणि पान वाढलेलं असतं, जेवण झालं की पडवीत खाट टाकलेली असते. मी तिथे पडतो, उठतो तेव्हा चार वाजलेले असतात, चहा आलेला असतो आणि बाहेर गाडी लख्ख उभी असते. गेली दोन वर्षं हाच क्रम. पण त्या दिवशी झोप येईना. डोक्यात सतरा मुद्दे फिरत होते. भाषणाची सुरुवात 'अध्यक्ष महाराज' अशी करावी की 'बंधूंनो' अशी, हे ठरत नव्हतं. उठलो आणि परसातून शेताकडे निघालो. घरामागे शेताला लागून त्यांची बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहानसं तळं.

माझी गाडी बोडीत होती.

नाक खाली घालून उभी होती, म्हैस उभी राहते तशी. काठ डावीकडे उतरता असल्यामुळे पुढचं डावं चाक अर्ध्याहून जास्त पाण्यात गेलेलं. चाकाशी चर्र आवाज येत होता आणि बुडबुडे निघत होते. लटारूजी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे. एका हातात पितळी तांब्या. दुसऱ्या हातानं बोनेटवर थोपटत होते आणि गाडीशी काहीतरी बोलत होते.

माझ्या तोंडून पुस्तकी मराठी पळालीच. "मामाजी, हे काय करून राह्यले?"

त्यांनी वळून पाहिलं. "तुम्ही झोपले नाई का जी? पाणी पाजून राह्यलो."

"कोणाले?"

"चाकाले. आणखी कोणाले."

मी काठावरच्या दगडावर बसलो.  लटारूजींनी मग मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. लाकडाचं चाक उन्हात चालून चालून आवळतं. त्यावर चढवलेली लोखंडी धाव ढिली पडते. म्हणून पाहुण्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, दारात आली की आधी बैल सोडायचे, त्यांना पाणी दाखवायचं आणि मग बंडी बोडीत उभी करायची. चाक पाणी पितं, फुगतं, धाव घट्ट बसते. पाहुणा परत जाताना वाटेत चाक मोडलं तर ती बेइज्जती पाहुण्याची नव्हे, घरवाल्याची.

"पण मामाजी, हे चाक तर लोखंडाचं आहे. वरून रबराचं."

"मले दिसते जी. आंधळा नाई मी. पण पेते ना. पाहा कसं सूं-सूं करून पेते. साठ-सत्तर किलोमीटर तापून येते बिचारं, तहान लागणारच."

"आणि डावंच काऊन?"

"काठ तिकडं उतार आहे. उजव्याले पाणी पोचत नाई. त्याले मी तांब्यानं पाजतो."

वर्षभर मी जे शोधत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं आणि उजव्या चाकावर तांब्या रिकामा केला. मी विचारलं, हे कधीपासून. त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला.

"मागच्याच्या मागच्या होळीले बैलजोडी दिली. आता माझ्यानं होत नाई. मंग बंडी ठेवून काय करू, तेबी दिली. घरात येणारं चाक म्हणशीन त हे एकच उरलं. तुम्ही येता त बरं वाटते जी."

लटारूजी मला कधी 'म्हणशीन' म्हणत नाहीत, नेहमी अहो-जाहो करतात. त्या दिवशी विसरले. मीही ऐकलं नाही असं केलं. मी इथे युद्धाच्या तयारीत होतो. मऊ पडायची ही वेळ नव्हती.

"मले सांगितलं काऊन नाही इतके दिवस?"

"सांगाचं काय त्यात? पाहुण्याच्या बैलाले पाणी पाजलो, हे कोणी सांगत हिंडते का?"

मागून दिव्यानी चहा घेऊन आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय पाहता? बाबा गाडी बोडीवर नेतात हे मला ठाऊक होतं. तुम्ही कधी विचारलं?"

आता भौतिकशास्त्र. सांगतो, टाळत नाही. गाडी चालून चाक तापतं, बेअरिंगमधली हवा फुगते आणि रबरी झाकणाच्या कडेनं थोडी बाहेर पडते. अशा तापल्या बेअरिंगवर थंड पाणी आलं की आतली हवा आकसते, आत पोकळी होते आणि बाहेरचं पाणी त्याच कडेनं आत ओढलं जातं. मग ग्रीस धुतलं जातं, छर्रे गंजतात, तीन-चार महिन्यांत घुंऽऽ. कुठल्याही पोराला येईल असं उत्तर. डबा पूर्ण बंद असला तर चेपतो, हे खरं. पण झाकण जरा ढिलं असलं तर डबा काय करतो?

पाणी पितो.

आणि मी प्रश्नपत्रिकेत 'बंद डबा' लिहिलं होतं. 'पूर्ण बंद' लिहिलं नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या पोराच्या उत्तरावर वर्ग हसवत होतो.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला.  खरं सांगितलं तर उद्या सगळी कॉलनी लटारूजींना हसणार. धनराजभाऊ तर बोडीचा नकाशा काढून दाखवतील. नाही सांगितलं तर कुलदीपचं दुकान बसणार. दोन्हींत नुकसान दुसऱ्याचंच, माझं काहीच नाही. माझ्याकडे होते ते सतरा मुद्दे, छापील.

रविवारी समाजभवनात तीस-पस्तीस माणसं होती. कुलदीप धुतलेला शर्ट घालून मागच्या रांगेत बसला होता. धनराजभाऊ म्हणाले, "रामटेके सर आपला मुद्दा मांडतीन."

मी उठलो. कागद खिशातच ठेवले. म्हटलं, "कुलदीपचं काम चोख आहे. बेअरिंग माझ्यामुळे गेलं. तिन्ही माझ्यामुळे. गाडी मी तापलेली असतानाच पाण्यात उभी करत होतो."

कुणाला काही कळेना. धनराजभाऊंनी चष्मा काढला. "तुम्ही? तुम्ही त बोटभर पाण्याले चार तास थांबता जी."

"थांबतो. पाणी ओसरलं की पलीकडे जातो आणि गाडी तळ्यात घालतो."

"पण काऊन?"

"चाकाला तहान लागते म्हणून."

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळं समाजभवन हसलं. नीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंधरा वर्षं मी ज्या हशाचा मालक होतो तो आता माझ्या अंगावर आला, आणि मी मान खाली घातली नाही. उलट वर करून उभा राहिलो. म्हटलं, "हसा. माझी गाडी, माझं चाक. मी त्याला पाणी पाजीन, नाहीतर उसाचा रस पाजीन. पण ज्यांच्या गाड्या माझ्या शब्दावरून कुलदीपकडून गेल्या, त्यांनी उद्या सकाळी त्या परत न्याव्यात. तुमचीही, धनराजभाऊ."

हसू थांबलं. मागून कुलदीप उठला. तो हसत नव्हता. माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "सर, तुमची सासुरवाडी पोंभुर्ण्याकडे ना? माझा आजा तिकडचाच. तोबी पाहुण्याच्या बंडीले..." आणि माझा चेहरा पाहून तो तिथेच थांबला. पोरगा हुशार होता. हे मला पंधरा वर्षांपूर्वी दिसायला हवं होतं. मग हळूच म्हणाला, "मी पेपरात त्याच्यावरूनच लिहिलतो सर."

"माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं, कालपर्यंत तर मुळीच नव्हतं. "अकरावी, वार्षिक परीक्षा, भौतिकशास्त्र. डब्याचा प्रश्न. दोन गुण वाढवले."

"म्हणजे पस्तीस?"

"पस्तीस. पास."

धनराजभाऊ कुरकुरले, "पण सर, उत्तरात 'त्याले', 'पेते' असं चालते का जी?"

"चालते," मी म्हणालो. "प्रश्न चुकीचा होता. उत्तर बरोबर होतं."

कुलदीप खाली बसला. बसता बसता म्हणाला, "बरं झालं तवा नापास केले सर. नाईतर मीबी मास्तर झालो असतो." यावर जो हशा झाला त्यात मीही होतो, पण थोडा उशिरा.

आता तुम्ही म्हणाल, लटारूजींना सांगून टाकायचं, मामाजी, चाकाला पाणी नको. कुलदीपही तेच म्हणाला. मी त्याला सांगितलं, "ते जमणार नाही. दुसरा उपाय सांग." तो डोकं खाजवत म्हणाला, "मंग चाक थंडं करून न्या. थंडं असलं त ओढणार नाई. थोडंफार जाईन, पण घटाघटा पेणार नाई."

म्हणून आता आमची गाडी पोंभुर्ण्याच्या पुढे, सासुरवाडीच्या दोन किलोमीटर अलीकडे, मोहाच्या झाडाखाली थांबते. तासभर. मी खाली उतरतो आणि दर दहा मिनिटांनी चाकाच्या मधोमध तळहात लावून पाहतो. दिव्यानी आत बसून स्वेटर विणते. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारतो, "काय झालं जी, बंद पडली का?" मी सांगतो, "नाही. बसलो आहे." काहींनी धक्का द्यायची तयारी दाखवली. एकानं ट्रॅक्टर आणला. गेल्या महिन्यात त्या गावच्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "लटारूच्या जवायाची गाडी रोज इथीच बंद पडते." मी त्याला दुरुस्त केलं. म्हटलं, रोज नाही, महिन्यातून एकदा.

चौथं बेअरिंग चौदा महिने झाले, चालू आहे. कुलदीप दर खेपेला चाक उचलून फिरवून कान लावतो आणि खूण करतो, ठीक.

पण परवा एक गोष्ट झाली. मी आता जेवून झोपत नाही, बोडीच्या काठावर बसतो. लटारूजी पाण्यात उभे राहून बराच वेळ डाव्या चाकाकडे पाहत होते. चर्र नाही, बुडबुडा नाही. त्यांनी तांब्यानं वरून ओतून पाहिलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा उतरलेला.

"जवाईबापू, पयले कसं सूं-सूं करून पेत होतं. आता वरीस होऊन गेलं, तोंडच लावत नाई. आपल्या इथलं पाणी गोड लागत नाई का त्याले?"

मी म्हणालो, "तसं नाही मामाजी. आम्ही वाटेत थांबतो. तिथे पिऊन येत असेल."

"मंग वाटेत काऊन पाजता जी? घर आहे ना."

 परत येताना मी दिव्यानीला सांगितलं, पुढच्या खेपेला मोहाखाली थांबायचं नाही, सरळ घर. ती म्हणाली, "बेअरिंग जाईल ना."

"जाऊ दे," मी म्हटलं. "कुलदीप आहे."